मैत्रीच्या खोलीतली हवा

प्रिय आई,

सप्रेम जयभीम.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, आणि ह्यांच्या फोनवर मी बोलायला आले की मैत्रीला पुढं करता. लेकीचा आवाज ऐकून जीव थंड होतो, पण तुमच्याशी बोलायचं राहूनच जातं. म्हणून कागद घेतला. चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा. मधेच राग आला तरी फाडू नका.

परीक्षा संपली त्या आठवड्यात मैत्रीचा दमा उसळला, तिला वाफ द्यायला दवाखान्यात ठेवलं, ते तुम्ही पाहिलंच आहे. मी पर्वत पाटियाच्या गोडाऊनमधून साड्या तपासायचं काम टाकून तशीच धावत आले होते. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "तुना कपडासनी धूळ पोरले खाई राहिनी." माझ्या कपड्यांची धूळ पोरीला खातेय, हे ऐकून नर्स माझ्या ओढणीकडं बघत राहिली. मग तुम्ही मैत्रीला गावी, दोंडाईच्याला नेलंत, तिथं तिचा खोकला थांबला आणि सगळ्यांना पटलं की दोष आईचाच. तुमचे चिरंजीव, हेही म्हणाले, थोडे दिवस काम सोड. मी सोडलं नाही. आठ दिवस हे माझ्याशी धड बोलले नाहीत, तरी सोडलं नाही. आई, ती धूळ खरंच माझी निघाली असती तर मी त्याच दिवशी घरी बसले असते. पण कुणी म्हणतं म्हणून? नाही.

डॉक्टरांनी मैत्रीच्या हातावर थेंब टाकून टोचून पाहिलं होतं ना, त्यात बुरशीच्या थेंबालाच मोठी गांधी उठली होती. गडबडीत त्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. मी परत जाऊन विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, घर तपासून घ्या. माझ्या पगारातून मी ते करून घेतलं. प्रयोगशाळेतून एक मुलगी हवा ओढणारं यंत्र घेऊन आली. तिनं दोन्ही खोल्यांतली हवा घेतली, गादीतली धूळ घेतली. मी तिला म्हटलं, मी कामाचे कपडे अडकवते तिथलीही घे, काही सोडू नको. शेवटी आम्ही दोघींनी मैत्रीच्या पलंगाशेजारचं कपाट ओढलं. मागं भिंत जमिनीपासून छातीपर्यंत काळी पडलेली. हात लावला तर पोपडा ओला हातात आला. वरच्या न्हाणीचा पाइप भिंतीच्या आत गळत होता.

अहवालात लिहिलंय, त्या खोलीत बुरशी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त. माझ्या कपड्यांजवळची धूळ चारचौघांच्या घरात असते तेवढीच. वाचून मी रडले नाही. मला तुम्ही आठवलात. त्याच खोलीत तुम्ही दोन पावसाळे झोपलात. तुमच्या खोकल्याला सगळे मिश्रीचं नाव देत होते, आणि तुम्ही ऐकून घेत होतात. गावी गेल्यावर तुमचाही खोकला गेला, आई. मिश्री तर अजून सुटलेली नाही.

घरमालक हेमराजभाईंना अहवाल दाखवला तर म्हणाले, "बीजा कोईने तकलीफ नथी." दुसऱ्या कुणाला त्रास नाही, तुम्हाला जमत नसेल तर खोली खाली करा. हे मान खाली घालून उभे. मी म्हटलं, भाडं वेळेवर देतो, खोली आम्ही नाही, बुरशी खाली करेल. वरच्या मजल्यावरची शोभा जिन्यात ऐकत होती. ती खाली आली नि म्हणाली, माझा धाकटाही रात्रभर खोकतो, चला, माझ्या घरातली भिंतही बघा. मग बाकीच्या भाडेकरू बायका एकेक करून खाली आल्या. हेमराजभाई कुणाकुणाला खाली करा म्हणणार? कोसाडमधल्या त्यांच्या सगळ्या खोल्या रिकाम्या पडल्या असत्या. चार दिवसांत भिंत फोडली, पाइप बदलला, प्लास्टर नवं झालं. भिंत पुरती वाळू दिली आणि मग मी पुन्हा हवा तपासून घेतली. आता ठीक आहे. गादीही नवी भरून घेतली.

हे सगळं माझी बाजू मांडायला लिहिलेलं नाही. ह्यांनी परवा सांगितलं की तुम्ही मैत्रीचं नाव तिथल्या शाळेत घालायला निघालात. ते घालू नका. रविवारी सकाळच्या गाडीनं मी एकटी येतेय, आणि माझ्या लेकीला घेऊनच परत निघेन. काम मी सोडणार नाही, हेही समोर बसून सांगेन. तुम्ही भांडलात तरी चालेल, मीही भांडेन. पण परतीची तीन तिकिटं काढलीत, आई. तिसरं तुमचं आहे. त्या खोलीत आता तुम्हालाही झोप लागेल.

तुमचीच,
प्रज्ञा