गुळावरची केशमुळं

२ जून, सकाळ
माझ्या गाइड महामाया मॅडमनी आज तोंडावर सांगितलं: वीस तारखेपर्यंत फ्लास्कमध्ये अश्वगंधेची मुळं वाढलेली दिसली नाहीत, तर पीएचडीचा विषय लॅबमधल्या शिवशंकरला. विषय तसा सोपा आहे. साखर आणि हार्मोन किती दिलं की मुळांत औषध वाढतं, एवढंच शोधायचंय. गावी मुखेडला आईनं ‘पोरगं डॉक्टर होऊन राहिलं’ असं बाजारभर सांगून ठेवलंय, त्यामुळे माघार नाही. संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला लॅब.

३ जून, ११.४०
उठलो.

४ जून
लॅबमधली शुद्ध साखर संपली. रूमवर आईनं दिलेला गूळ आहे. गुळात लोह असतं, म्हणजे साखरेपेक्षा वरचढच. प्रोटोकॉलमध्ये तीन टक्के लिहिलंय. इतका कंजूषपणा मला जमत नाही, मूठभर टाकला. ऑक्झिन हार्मोन थेंबभर सांगितलंय, मी अर्धी बाटली ओतली.

५ जून
निर्जंतुक करायच्या मशीनला रांग. फ्लास्क रूमवरच्या कुकरला लावले. दोन शिट्ट्या. तूरडाळ शिजते, तिथं जंतू कोण लागून गेलेत? मग मुळांचे तुकडे आत सोडले आणि फ्लास्क लॅबच्या खोलीत सगळ्यांच्या फ्लास्कशेजारी ठेवले.

९ जून
आली! पांढरी, बारीक, केसांसारखी. यांनाच केशमुळं म्हणतात. शिवशंकरची महिन्यात बोटभर वाढली, माझ्या फ्लास्कमध्ये आता जागा नाही. त्याला दाखवली. तो लगेच आपले फ्लास्क दुसऱ्या खोलीत घेऊन गेला. जळतात लोक.

१२ जून
रोज झाकण काढून बघतो. मुळांनाही हवा लागते. वास शिळ्या भाकरीसारखा येतोय, पण औषध म्हटलं की वास आलाच. आईला फोन केला. गूळ आपला हाय, मग कशा येणार न्हाईत मुळ्या, म्हणाली.

१५ जून
मुळं हिरवी पडली. औषध उतरायला लागलं. उद्या पेटंटची चौकशी.

१६ जून
काळी पडली. औषध पिकलं. पेटंट परवा.

२० जून, संध्याकाळ
मॅडमनी फ्लास्क उजेडात धरला आणि लगेच मास्क लावला.
"प्रेम, ही मुळं नाहीत. बुरशी आहे."
मी म्हटलं, मुळं खाली दबली असतील. त्यांनी चिमट्यानं शोधलं. मी सोडलेले तुकडेच निघाले, तेही कुजलेले. मी रोज झाकण उघडत होतो, त्यामुळे खोलीतल्या सगळ्यांचे फ्लास्क गेले. शिवशंकरचे तेवढे वाचले. विषय त्याला गेला. मी सुचवलं की मग बुरशीवरच पीएचडी करतो, डेटा तयार आहे. मॅडम म्हणाल्या, आधी सगळ्यांचे फ्लास्क धू.

धुताना रडू आलं. ब्लीचमुळे असेल. नाही, रडूच आलं.

रात्री आईला सांगितलं.
"मंग बाजारात काय सांगू?"
काही सांगू नको म्हटलं. हाव, न्हाई सांगत, म्हणाली. आणि येताना उरलेला गूळ घेऊन ये, तिथं वाया घालू नको.