जांभळं गांडूळ आणि माझी बोटं

१२ मार्च १९७८, रविवार
चर्चमधून आल्यावर संकल्प केला: यंदा बास मासे धरणाऱ्यांच्या क्लबची वसंत स्पर्धा जिंकायचीच. रॉयसला फोन केला. एकोणीस वर्षं आम्ही एका बोटीत बसतोय, पण त्याला काही उत्साह दिसला नाही. म्हणाला, "हॉलिस, आधी एक मासा तरी धर." फेब्रुवारीपासून माझ्या गळाला काही लागलेलं नाही, हे खरं. पण तो दोष गळाला लावायच्या रबरी गांडुळांचा. नव्या पाकिटांत रबर फार कडक येतंय.

१८ मार्च, शनिवार
तळ्यावर. जांभळं गांडूळ, मग काळं, मग पुन्हा जांभळं. रॉयसला सात बास, मला एकही नाही. रबरी गांडूळ तळाशी हळूहळू सरकवत आणायचं असतं. बास हिसका देत नाही, नुसता तोंडात घेतो. दोरीतून बोटाला एक बारीकशी टिचकी लागते, बस्स. ही टिचकी ओळखणारी बोटं अख्ख्या अलाबामात एकट्या माझीच. आज टिचकी आलीच नाही. दोनदा गांडूळ शेपटीशिवाय वर आलं. कासवं असणार.

२१ मार्च
माझ्या न्हाव्याच्या दुकानात चर्चच्या डीकन पर्विसांची दाढी करताना कानाखाली कापलं. किंचित. टॉवेल दोन लागले. वस्तऱ्याला धार जरा जास्तच झाली होती. डीकन म्हणाले, "देवासाठी रक्त सांडायची माझी तयारी आहे, हॉलिस. दाढीसाठी नाही." सगळे हसले. मीही हसलो. बाकावर तिघं थांबले होते, त्यांतल्या दोघांना अचानक कामं आठवली.

२५ मार्च
बायकोची, नेदीनची कटकट. म्हणे, डॉक्टरकडे चल. परवा कॉफीचा कप पडला, काल शर्टाची बटणं तिला लावावी लागली. म्हटलं, हल्ली बटणंच लहान करतात. त्यावर म्हणाली, "तुझ्या बापाचा पाय याच दुखण्यात गेला." बापाचं वेगळं होतं. तो कोणाचं ऐकायचा नाही.
तरी घरात शांतता राहावी म्हणून उद्यापासून गोड चहा बंद.

२६ मार्च, ईस्टर
गोड चहा दोन ग्लास. नारळाचा केक. सणाच्या दिवशी संकल्प धरत नाहीत.

८ एप्रिल
नवा रॉड घेतला. जुन्यात जीव राहिला नव्हता. रॉयस दिवसभर ओरडत होता, "दोरी बघ! बाजूला चाललीय! मासा आहे!" म्हटलं, वारा आहे. वारा नव्हता. पण याच्या ओरडण्यानं माझी बोटं बावरतात. त्याला तसं स्पष्ट सांगितलं. मग तो आपल्याच दोरीकडे बघत बसला. मला काही लागलं नाही.

२२ एप्रिल, स्पर्धा
जोडीदारांच्या माशांचं वजन एकत्र धरतात, म्हणून रॉयस सकाळपासून माझीच दोरी बघत होता. "ओढ! ओढ की रे!" मी ओढायचो, आणि वर यायचं चावलेलं गांडूळ. असं सहा वेळा. सातव्यांदा तो ओरडला नाही. हळूच म्हणाला, "हॉलिस, तुझा अंगठा."
गळ अंगठ्यात पार आत गेला होता. म्हटलं, आत्ताच लागला. त्यानं बोटीच्या तळाकडे बोट दाखवलं. तिथलं रक्त वाळून काळं पडलं होतं.
त्यानं इंजिन सुरू केलं. म्हटलं, अरे, अजून दोन तास आहेत! त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. पाण्याचे शिंतोडे उडाले असतील.

२५ एप्रिल
डॉक्टरकडे जाऊन आलो. रक्तात साखर. बरीच वर्षं असणार म्हणे. बोटांच्या नसा गेल्यात, पुन्हा येतील असं नाही. विचारलं, पुढच्या वसंतापर्यंत? डॉक्टरनं नेदीनकडे पाहिलं.
येताना गाडी तिनं चालवली. मग दुकानात गेली आणि वस्तरे फडक्यात गुंडाळून घरी घेऊन आली. मी अडवलं नाही. धार लावायचीच होती.

२९ एप्रिल
शनिवार असून दुकान बंद. रॉयस येऊन गेला. माशांबद्दल चकार शब्द काढला नाही. तासभर पावसाबद्दलच बोलला.

६ मे
नेदीनला तळ्यावर नेलं. रॉड तिच्या हातात. म्हटलं, टिचकी लागली की सांग. ती म्हणाली, "कशी असते?" मी सांगायला गेलो आणि मला सांगता येईना. एकोणीस वर्षांची ओळख, पण शब्द नाहीत.
दहाच्या सुमाराला ती एकदम ताठ बसली. "हॉलिस, कोणीतरी दार वाजवतंय." म्हटलं, ओढ! तिनं ओढलं. रॉड कमानीसारखा वाकला. ती हसत होती, किंचाळत होती. मासा बोटीपाशी आला, मी खाली जाळं धरलं. दांडा हातातून कधी सुटला, मला कळलंच नाही. जाळं बुडालं. मासा झटका देऊन गळातून सुटला.

मग मी म्हटलं, "लहानच होता."
ती म्हणाली, "नाही रे. मोठा होता."
पाण्यावर बुडबुडे येत होते. ते थांबेपर्यंत पाहिलं.
म्हटलं, "हो. मोठा होता."