गच्चीवरचं लाल फडकं

प्रिय नेजात,

तुझा फोन दर वेळी तुझा साहाय्यकच उचलतो. सख्खी बहीण बोलतेय म्हटलं, तर म्हणाला, "आक्चाकालेहून फोन करणारे सगळेच साहेबांचे नातेवाईक असतात, ताई." म्हणून अंकाराच्या बसवाल्याच्या हाती हे पत्र देते आहे. रागावू नकोस, शेवटपर्यंत वाच.

इथे शाळेच्या मैदानात रणगाडे उभे आहेत. सीरियाच्या सीमेवर भिंत झाल्यापासून पलीकडचं काही दिसत नाही. नुसत्या तारा होत्या तेव्हा बरं होतं रे. ईदला अर्धं गाव अलीकडे जमायचं, सासरी गेलेल्या लेकीबाळी पलीकडे. त्या गर्दीत आपली लेक हेदिये सापडावी म्हणून आई काठीला लाल फडकं बांधायची, आणि तिकडून हेदियेही तसलंच फडकं हलवायची. तू कुलुंच्यांचं गाठोडं फेकायचास, ते हमखास तारेत अडकायचं आणि आतली बिस्किटं चिमण्या खायच्या. "हा मोठेपणी काय दिवे लावणार!" असं ती पलीकडून ओरडायची. आज सीमेचं धोरण तू लिहितोस, याचा सगळ्यात जास्त अभिमान तिलाच आहे.

काल तू टीव्हीवर बोललास. शेजारचं घर पेटलं की पहिली धग आपल्याला लागते, म्हणून पलीकडे मोकळा पट्टा हवा. साधी माणसं तिथून केव्हाच निघून गेलीत, म्हणालास. मला पटत होतं. तिकडून आलेला गोळा आपल्या बेकरीवर पडला, ते मी विसरलेले नाही. मग तू वरून काढलेला फोटो दाखवलास आणि एका गच्चीवर बोट ठेवलंस. "ही लाल खूण शत्रूची. अशी घरं आधी उडवायची."

नेजात, ते घर हेदियेचं आहे. अंगणातलं अंजिराचं झाडसुद्धा दिसत होतं. शेवटचा फोन लागला तेव्हा, निघ गं बाई, म्हणून मी किती गयावया केली! ती हसली. म्हणाली, "नवरा अंथरुणाला खिळलाय, त्याला टाकून कुठे जाऊ? आणि घाबरतेस काय? तिथे आपला नेजात बसलाय. मी गच्चीवर फडकं लावते, तो बरोबर ओळखेल." तेव्हापासून तिकडचे फोन बंद आहेत. ते फडकं काढ, असं तिला सांगायला माझ्याकडे कुठलीच वाट उरलेली नाही. ते फडकं तिनं तुझ्यासाठी लावलंय रे. तू ओळख.

तुझीच,
मेवलुदेताई