काचेखालच्या पाण्याची वाटणी

मी रायभान सटवाजी, धंदा शेती व मेंढरे, राहणार कुंभार पिंपळगाव. अंगात ताप आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकाशिवाय लिहवून ठेवतो ते असे.

राहते घर आणि मेंढरे थोरला मुलगा कचरू याला. खालचे शेत, त्यातले ती राहते ते मातीचे खोपट, दारातली खारी विहीर आणि विहिरीजवळचे काचेने झाकलेले हौद धाकट्या मुलाची विधवा जयवंताबाई हिला. कचरूने जालन्यात मस्तगडातल्या आपल्या दुकानाच्या खिडक्यांसाठी काचा मागितल्या होत्या. त्याला एकही देऊ नये. जुन्या जालन्याहून गाडीत कडब्यात गुंडाळून मी त्या आणल्या आहेत.

कारण असे, की गोड विहीर वाटणीत माझे थोरले बंधू आबाराव यांच्याकडे गेली. जयवंताबाई घागर घेऊन गेली तेव्हा ते म्हणाले, "पानी पाह्यजे तर शेत लिहून दे. न्हाई तर पी सासऱ्याच्या काचेचा घाम." सख्खा भाऊ, पक्का वैरी म्हणतात ते खोटे नाही. उन्हाने खाऱ्या पाण्याची वाफ होते, काचेला गोड थेंब धरतात आणि पन्हळीतून घागरीत येतात. मायलेकरांची तहान त्यावरच भागते. आबारावांना मी माफ केलेले नाही.

जयवंताबाईने हौदात पाणी चार बोटेच ठेवावे, जास्त भरले तर तापत नाही. काचेचा उतार मोडू नये, थेंब परत खाऱ्यात पडतात. फटी मेण-लोकरीने बुजवाव्यात. तळ काजळीने काळाच ठेवावा, काळ्यानेच पाणी तापते. गेल्या दिवाळीला तिने भिंतींबरोबर हौदही आतून पांढऱ्या मातीने पोतारले. "मामंजी, सणाला दारात काळं कामून ठिवायचं?" घागर अर्धीही भरेना, आणि मी काचेलाच शिव्या देत बसलो. पोरी, काळे असू दे. त्याने अपशकून होत नाही.

रोजच्या एका घागरीच्या दीड झाल्या. दोन करायच्या राहिल्या. नातू वाढतो आहे, आणि काचा फुटल्या तर ही पोर आबारावांच्या दारात अंगठा द्यायला उभी राहील, याचा मला फार घोर लागतो.

शेवटचे. माझा जीव जाताना तोंडात आबारावांच्या विहिरीचे पाणी घालू नये. काचेखालचे पळीभर घालावे. मात्र त्या दिवशी आभाळ आले असेल आणि घागरीत नातवापुरतेच असेल, तर ते त्यालाच पाजावे. मला कोरड्या तोंडाने जाऊ द्यावे.

निशाणी डावा अंगठा : रायभान सटवाजी
लिहिणार व साक्षीदार : धर्मराज
साक्षीदार : भुजंग
मुक्काम कुंभार पिंपळगाव, ज्येष्ठ शुद्ध दशमी, शके १८६३