लिंपलेली बरस्ती

२० एप्रिल १९६३, देरा, आखात
घर विकायचं ठरलं. घर म्हणजे खजुराच्या झावळ्यांची एक खोली आणि पुढे पडवी. इथे याला बरस्ती म्हणतात. बारा मेची स्टीमर धरायची, म्हणजे पावसाळ्यासाठी दाभोळच्या बोटी बंद व्हायच्या आत पोचू. जैनबचं बाळंतपण तिच्या आईकडे होईल. पहिलटकरीण आहे, घाबरते. तिला वचन दिलं, दोघं सोबतच जाऊ. मात्र आधी घर विकलं पाहिजे. रिकामी बरस्ती दिसली की दुसऱ्या दिवशी कोणीतरी आत चूल मांडतो. विकायचं माझ्यावर सोड म्हटलं.

२२ एप्रिल
नाखुदा सालेम घर बघून गेला. पूर्वी मोत्यांच्या बोटीवर कप्तान होता. म्हाताऱ्या आईसाठी घर हवंय, तिला उन्हाळा सोसत नाही. खोलीच्या मधोमध डोळे मिटून बसला. जैनबला म्हणाला, हवा अच्छा. निघताना इन्शाल्ला. पाच तारखेला आईला घेऊन येतो.
ऑफिसात रोज इन्शाल्ला ऐकतो. त्याचा अर्थ ‘नाही’ असा. बरोबरच आहे, भिंतीतून रस्ता दिसतो! जैनब म्हणते, हवा खरंच चांगली आहे, तो खूश होऊन गेला. बायकांना बिझनेस कळत नाही.

२४ एप्रिल
ऑफिसात आयडिया सुचली. लाँच विकायची असली की आमची कंपनी आधी फटी बुजवते, मग डांबर. फर्स्ट इम्प्रेशन! आपल्याकडे तरी कुडाचं घर न लिंपता कोण ठेवतं? शुक्रवारी एका दिवसात उरकतो.

२६ एप्रिल, शुक्रवार
शेण नाही. उंटाच्या लेंड्या आणल्या. माती खाडीची. शेजारचा याकूबभाई, आमच्या दाभोळचाच, कमरेवर हात ठेवून बघत होता. म्हणाला, अरे बाबा, इथे पाऊस कुठे पडतो? त्याच्या स्वतःच्या भिंतीला बोकडाने खाल्लेलं भोक आहे, त्यातून त्याची मरियमबी आमच्या जैनबशी गप्पा मारते. अशा माणसाने स्टँडर्डबद्दल बोलू नये.
अर्धी भिंत झाली. कंबर धरली.

३० एप्रिल
तीन भिंती खलास. आत अंधार, एकदम बंगल्यासारखं वाटतं. जैनब म्हणते, जीव गुदमरतो. दिवसभर याकूबकडे जाऊन बसते. या अवस्थेत बायकांना काहीही वाटतं.

३ मे
चुना मारला. बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर लावलं. ऑफिसातून टेबल फॅन आणला. आमच्या गल्लीत अजून वीज आलेली नाही, पण शोभा आहे. जैनब फॅनकडे बघून बराच वेळ हसत होती. नंतर रडली. घर सोडायचं दुःख असणार.

४ मे
भिंतींना घाम सुटलाय. माती खारी होती म्हणे. मुशीचे मासे वाळत घातल्यासारखा वास येतो. अत्तराची अख्खी बाटली शिंपडली. आता दोन्ही वास येतात.

५ मे
आले. म्हातारी दारातच थांबली, ओढणीने वारा घेऊ लागली. नाखुदाने भिंतीला तळवा लावला, ओला पांढरा झाला, तो अंगातल्या लांब कंदुऱ्याला पुसला. फॅनचं बटण दाबून बघितलं. मग मला विचारलं, हवा किधर? मी अभिमानाने त्याला फिरवून चारी भिंती दाखवल्या. एक फट सापडली तर शिक्षा द्या म्हटलं. तो म्हणाला, खलास. म्हणजे सौदा पक्का, असं मी धरून चाललोय.
म्हातारीला घेरी आली म्हणून पाणी प्यायला याकूबकडे गेले. बराच वेळ बसले.

६ मे
नाखुदाने याकूबची बरस्ती घेतली. बोकडाच्या भोकासकट! म्हातारी तिथून उठायलाच तयार नव्हती म्हणे. या लोकांना टेस्ट नाही.
याकूब आणि मरियमबीलाही गावी परतायचंच होतं, आता बारालाच निघतात. जैनबने त्यांच्यासोबत जायचं ठरवलं. मला विचारलं नाही, सांगितलं.

१२ मे
लाँचपर्यंत सोडलं. जैनबचा हात मरियमबीच्या हातात होता. मी म्हटलं, दुसरं गिऱ्हाईक आठवड्यात मिळेल, मी पाठोपाठ आलोच. ती म्हणाली, दाभोळच्या बोटी आता पावसाळ्यानंतर. बाळ तोवर बसायला लागेल. मग म्हणाली, स्वतः पण जरा बाहेर बसत जा, आत राहू नका. भांडली असती तर बरं झालं असतं.

१७ मे
गिऱ्हाईक नाही. आतला भाग भाकरीच्या तव्यासारखा तापतो. आज सुट्टी, दुपारी भिंतीला भोक पाडायला घेतलं. खारी माती दगडासारखी घट्ट झालीय. काम पक्कं केलं होतं, हे कोणीही मान्य करेल. पहारीने शेवटी झावळ्याच मोडल्या, भिंत कलली.
आवाज ऐकून नाखुदा आला. यल्ला, चल, म्हणून मनगट धरून आपल्या घरात नेलं, बोकडाच्या भोकासमोर चटई टाकली. म्हातारी कोपऱ्यात गाढ झोपली होती. भोकातून माझी पांढरी भिंत दिसत होती. मरियमबी इथेच बसायची, आणि दिवसभर तिच्याजवळ जैनब.
वारा आला. डोळे मिटले. हवा खरंच चांगली आहे. हे मला जैनबने बावीस एप्रिललाच सांगितलं होतं.