पोळ्याचं तोरण आणि छोटी मोटार

मु. रिठद,
ता. २७ ऑगस्ट १९४६, मंगळवार

काल पोळा झाला. आज सकाळी भुरभुर होती, मग उघडलं. बैल गोठ्यात आहेत. मोटार धुऊन झाकून ठेवली. दुपारी कोणी आलं नाही.

श्री. दौलतराव यांना नमस्कार. तुमचा गुडघा नगरच्या हवेनं दुखतो की लष्कराचे टँक दुरुस्त करत दिवसभर त्यांच्याखाली निजून, ते मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं नाही. मी बरा आहे. तुमच्या बहिणीला, रुख्मिणीला, जाऊन येत्या पंचमीला सात महिने होतील. घरात वर्षभर सण नाही. पण पोळा बैलांचा आणि दुखवटा माझा, म्हणून त्यांना सजवलं.

तुम्ही धाडलेले वाशीमचे व्यापारी सैफुद्दीनशेठ नेमके कालच मोटार पाहायला आले. (ही छोटी मोटार विकून मी लष्कराच्या लिलावातली जीप घ्यावी, असं तुम्ही ठरवलंत. मी हो म्हणालो, कारण तुम्हाला नाही म्हणायचं काम रुख्मिणी करायची.) जीपचे गुण मला मान्य आहेत. तिची चारही चाकं ओढतात, ती चिखलाला भीत नाही. पण तिला दार नाही, आणि बिनदाराच्या गाडीतला माणूस सारखा उतरायच्या बेतात दिसतो. तुमच्या टँकबद्दलही मला आदर आहे. मात्र मैलाला दीड गॅलन पिणारं यंत्र रेशनच्या कुपनांवर वाशीमच्या बाजारापर्यंत पोचायचं नाही, आणि पोचलंच तर लावायचं कुठं? माझी मोटार गॅलनला चाळीस मैल जाते. (त्यातले सहा-सात मैल पावसाळ्यात बैल ओढतात, हे तुम्ही सांगण्याआधी मीच सांगतो.)

आता हकिगत. शेठना मोटार नीट दाखवावी म्हणून परवा मी ती विटांवर चढवली, चाकं काढली आणि ब्रेक पुसून उघडे ठेवले. परवाच बैलांचे खांदे शेकायचे होते, म्हणजे जुवाखाली राबलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची होती. आमचा सालदार गडी जगदेव यानं बैलांचं उरकल्यावर उरलेलं लोणी मोटारीच्या चारही ब्रेकना आतून चोळलं, आणि काल सकाळी चाकं बसवून दिली. पुढे विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बैल खांद्यानं वढते, हे चाकानं वढते. मंग हिचा खांदा चाकातच असन ना, मालक? साऱ्याईचे शेकले, हिलेच काहून सोडाव?"

शेठना मी मागे बसवलं. पुढच्या डाव्या सीटवर रुख्मिणी गेल्यापासून कोणाला बसवलेलं नाही. मोटार विकल्यावर तिथे कोण बसेल ते पाहायला आपण नसू, अशी स्वतःची समजूत घालत मी निघालो. आमच्या गल्लीचा उतार थेट मारुतीसमोरच्या मैदानात जातो. तिथे पोळा भरला होता, दोन्ही बाजूंना बैल उभे, समोर आंब्याच्या पानांचं तोरण. मी ब्रेक दाबला. पाय छान खाली गेला, मोटार मात्र आपल्या चालीनं निघाली. मागून शेठ हवा हुंगत म्हणाले, "मियाँ, कुठी तूप कढून राह्यलं का?" तेवढ्यात टपाला तोरण अडकलं, तुटलं, आणि आम्ही पानांसकट कडब्याच्या गंजीत शिरून थांबलो. कोणाला लागलं नाही.

तोरणाचा पहिला मान रामराव पाटलांच्या जोडीचा. त्यांची जोडी झूल घालून तशीच उभी. पाटील ओरडले, "अरे गोपीचंदा, साठ वर्स माह्या घरचे बैल तोडून राह्यले हे तोरण! अन् तुह्या या पेटीनं तोडलं?" मग तासभर पंचायत बसली. तोरण बैलाशिवाय दुसऱ्या कशानं तोडलं तर गावाचा पोळा वाया गेला, असं म्हातारे म्हणू लागले. तेव्हा जगदेव पुढे होऊन म्हणाला, "हिचे खांदे म्या सोता शेकले." सगळ्यांना हायसं वाटलं. गावाचा पोळा वाचावा म्हणून माझी मोटार एकमतानं बैल ठरली, आणि पाटलांनीही नाक मुरडत तिला कुंकू लावलं. आमच्या गावात पहिलं तोरण तोडलेला बैल पुढच्या पोळ्यापर्यंत विकत नाहीत. शेठ म्हणाले, "आमी बैल घ्याले नव्हतो आलो, भाऊ," आणि पाटलांकडची पुरणपोळी जेवून गेले.

तेव्हा व्यवहार राहिला, माझा इलाज नव्हता. राग मानू नये.

तुमचा,
गोपीचंद

ता. क. शेठना तुमच्या हातचं एक पत्र घाला की त्यांनी पुढच्या वर्षीही येऊ नये. मोटार मला विकायची नाही. समोर बसून मला हे सांगता येत नाही, तुम्हालाही सांगता आलं नाही.

आणखी एक. जगदेव लोणी चोळत होता तेव्हा मी ओसरीवरच होतो. लोण्यानं ब्रेकचं काय होतं ते मला पुरतं ठाऊक आहे. मी काही बोललो नाही. उतार तेवढा लक्षात राहिला नाही.

दिवेलागण झाली. चूल पेटवली आहे. एका माणसापुरतं पीठ घ्यायचा अंदाज अजून येत नाही. भाकरी थापायला घेतो.