बर्फावर बाहेर आलेला पाय

तीर्थरूप आईस,
इतक्या लांबून वाकून नमस्कार.

थंडी आहे, पण कपडे पुरेसे आहेत. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून या बर्फावरच्या घसरगाडीचा सराव झाला तो बाबांनी जायच्या आधी बनवलेल्या चाकांच्या गाडीवर. तिथल्या सवयीने परवा बर्फाच्या वळणावरही मी तोल सावरायला पाय बाहेर काढला. बूट फाटला, पाय शाबूत आहे.

"ही हातगाडी नाही रे," प्रशिक्षक म्हणाले, "पुन्हा पाय दिसला तर राखीव गडी बसेल."

आज सरावाच्या तिन्ही फेऱ्या नीट झाल्या. उद्या शर्यतीत मीच आहे.

तू वेळेवर जेवतेस ना? ताई अजून सोबतीला आहे ना?

शर्यत टीव्हीवर दिसेल. गाडीतल्या चौघांत सगळ्यात मागे, मान खाली घातलेला तो मी. रडतोय असं समजू नकोस, घसरगाडीत तसंच बसायचं असतं.

तुझा,
धाकटा